अक्षतांची भाकरी

गल्लीतल्या बाया म्हणत्यात, काशम्माची सून पळून गेली. कुणी म्हणती टेंभुर्णीच्या ट्रकवाल्याबरोबर गेली, कुणी म्हणती सासूनंच कायतरी केलं. जीभ झडो त्यांची! दिवस भरत आलेली बाई, चार पावलं टाकली की भिंत धरणारी, ती पळून जाईल व्हय? नळावर माझ्या तोंडावर बोला म्हणावं एकदा. तोंडावर न्हाय बोलत, मी घागर उचलली की बोलत्यात.

म्हणून आज सांगते. पटलं तर पटलं, न्हाय तर उठा आणि आपापली चूल बघा. माझी सून महादेवी पळून गेली न्हाय. ती माझ्या लग्नात राहिली. माझ्या, काशम्माच्या लग्नात, पस्तीसेक वर्षांमागं.

हसू नका. आधी आमच्या घरची रीत आयका.

आमच्याकडं लग्नाला अक्षता ज्वारीच्या. तांदूळ कुणाच्या बापानं बघितलाय! ज्वारीला हळद-कुंकू लावायचं की झालं. लग्न लागलं की माझ्या सासूनं, ईरम्मानं, मांडवात पडलेल्या अक्षता पोरींकडनं वेचून घेतल्या, कडुनिंबाचा पाला आणि राख घालून पिशवीत बांधल्या आणि पिशवी माझ्या नावानं ठेवली. मी नांदायला आले तेव्हा दार लावून मला सांगितलं, "काशी, ह्यातला एक दाणा जिभंवर धरलास की तू परत लग्नात जाशील. स्वामींनी मंत्र सुरू केल्यापासनं अक्षता पडंपर्यंत, तेवढाच वेळ. अंग हितंच बसल्यालं दिसंल, पण तू तितं असशील. आणि एक ध्यानात ठेव. तितलं अन्न तोंडात घालायचं न्हाय. जो तितं जेवला तो तितलाच झाला, त्याला माघारी येता येत न्हाय."

मला वाटलं, म्हातारी नव्या सुनंला भ्या दाखवती. पण तसं नव्हतं. मी दाणा धरला की खरंच मांडवात असायची. न्हाण न आलेली पोर, डोक्यावर पदर, मान खाली. मान खाली म्हटल्यावर दिसणार काय? नवऱ्याचे पाय. चन्नवीर उजव्या पायाचा अंगठा सारखा हलवत बसलेला असायचा. तेवढं बघायचं, की वरनं अक्षता पडल्या आणि मी घरात.

चन्नवीर जिवंत होता तवर मला त्या पिशवीचं कवतिक नव्हतं. अख्खा माणूस घरात असताना नुसता अंगठा बघायला कोण जाईल? आमी गाव सोडून सोलापुरात आलो, तो अक्कलकोट रोडला टॉवेलच्या मागावर लागला. लई चेष्टेखोर माणूस. घरात शिरला की चप्पल काढायच्या आधी कानडीत विचारायचा, "हसिवागेदेनु?" भूक लागली का? दिवसभर मागावर उभा राहून आलेला तो, आणि विचारणार मला. मी म्हणायची, "भूक तुमाला लागलीया, मला कशाला इचारता?" तर म्हणायचा, "दोघांत एक भूक बास झाली की."

आमच्या लग्नाच्या गोष्टी तर त्यानं इतक्यांदा सांगितल्या की पोरांना पाठ झाल्या होत्या. एक गोष्ट घागऱ्यावाल्या पाहुण्याची. पंगतीच्या वेळंला कुणीतरी कॉलरवाला बाप्या आला, पायात घागऱ्याएवढी पॅन्ट, आणि नवरदेवाच्या गळ्यात पडून हंबरडा फोडून रडला. पोरीकडच्यांना वाटलं पोराकडचा हाय, पोराकडच्यांना वाटलं पोरीकडचा. कुणी म्हणालं कचेरीतला साहेब हाय, त्याला तक्क्या द्या. तक्क्या आणंपर्यंत पाहुणा गायब. दुसरी गोष्ट माझी. नवरदेव घास भरवतोय आणि काशीनं तोंडच उघडलं न्हाय. सगळा मांडव हसला, माझ्या आईनं चिमटे काढले, तरी न्हाय. हे सांगताना चन्नवीर दात-ओठ आवळून माझी नक्कल करायचा. आणि खरं सांगू, मला स्वतःला त्यातलं काहीच आठवायचं न्हाय. लग्नाच्या दिवसाचा तेवढा तुकडा डोक्यातनं जसा काही कुणी कापून नेलता.

तिसरी गोष्ट चन्नवीर चेष्टेत सांगायचा न्हाय. त्या लग्नात एक पोटुशी बाई मागं राहिली. पंगत उठली, गाड्या जुंपल्या, सगळे आपापल्या गावाला गेले, आणि ही मांडवाच्या खांबाला टेकून बसलेली. नाव सांगीना, गाव सांगीना. ईरम्मानं तिला ठेवून घेतलं. मी लग्न लागल्यावर माहेरी गेलते, मोठी झाल्यावर नांदायला आले, तवर ती बाई बाळंतपणात गेली होती आणि तिची पोर अंगणात रांगत होती. तीच आमची फुला. सासूनं ती माझ्या मांडीवर ठेवली आणि मी पोर असतानाच आई झाले. न्हाऊ-माखू घालून तिला जी कुंची घालायची ती त्या बाईच्या लुगड्याची, सासूनं शिवलेली. निळ्यावर पांढरी फुलं, आणि कापड असलं गुळगुळीत की बोटातनं निसटायचं. तसलं कापड आमच्या भागात कुणी बघितलेलं नव्हतं. पुढं मला शिवपुत्र झाला, पण पयली माझी फुला. तिचं लग्न करून अक्कलकोटला दिली.

चन्नवीरच्या छातीत मागाची धूळ बसली आणि तो खोकून खोकून गेला. शिवपुत्र तेव्हा बापाशी भांडून इचलकरंजीला गेलता. तार मिळून येईपर्यंत आमी मातीही देऊन आलतो. पोरगं दोन दिवस माती दिल्या जागी जाऊन बसलं. मग बापाच्याच मागावर जाऊन उभा राहिला, आणि मी पिशवी काढली. दुपारच्याला घर मोकळं असलं की एक दाणा धरायचा आणि अंगठा बघून यायचं. कुणाला कशाचं व्यसन असतं, मला त्याचं होतं.

शिवपुत्राची बायको महादेवी. हसरी, धडपडी, घरातलं निम्मं काम हातातनं पडूनच व्हायचं. तिला मी शिवपुत्रादेखत रीत सांगितली तर पदर तोंडात कोंबून हसत सुटली. "आत्या, तुमाला दुपारची झोप लागती, दुसरं काय न्हाय." स्वतःच्या लग्नाच्या अक्षता तिनं चिमण्यांना टाकल्या. मी चार शिव्या हासडल्या, तिनं त्यावरही हसून घेतलं. अशा पोरीवर रागवायचं तरी किती?

पण ती हसायची थांबली. पहिलं मूल मेलेलंच जन्मलं. दुसरं जन्मलं आणि बारसं व्हायच्या आत गेलं. तिसऱ्यांदा दिवस गेले ते दुष्काळाच्या साली. तुमी सगळ्यांनी काढलाय तो दुष्काळ, मी काय सांगू! नळ कोरडा, लाइट न्हाय म्हणून माग बंद, रेशनवर ती अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, आणि तीही मिळाली तर. शिवपुत्र खडी फोडायला जायचा आणि तितं मिळालेली सुकडी तशीच बायकोसाठी घेऊन यायचा. दवाखान्यातली बाई महादेवीचं पोट दाबून म्हणाली, "हिच्या अंगात रक्त न्हाय. हिला खायला घाला, न्हाय तर हेही मूल हातचं जाईल." खायला घाला! जसं काय आमी कोठारं भरून कुलपं लावून बसलो होतो. मी रोज सिद्धेश्वराला एकच मागत होते, हे एक लेकरू जगू दे.

तर त्या दिवशी दुपारी महादेवीनं ताटं केली. घरात मिलो मूठभर उरल्याली, मला ठावं होतं. आणि ताटात भाकरी! एकेकाच्या ताटात अख्खी. शिवपुत्र खाली मान घालून खायला लागला. भुकेला माणूस इचारत बसत न्हाय. मी तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि मला हळदीचा वास आला. जुन्या हळदीचा, कडुनिंबाचा. मी भाकरीकडं बघितलं, ती पिवळी होती.

"महादेवी, कशाची भाकरी केलीस?"

"तुमच्या पिशवीतली ज्वारी घातली आत्या," ती म्हणाली. तिनं अर्धी मोडून हातात घेतली होती, घास तोंडाशी होता. "राख धुऊन काढली. उगं किडं लागून जाण्यापरीस..."

मला ओरडायचं होतं. पण तोंडातला तुकडा गिळला गेला होता.

मंत्र आयकू आले. मी मान खाली घालून बसलेली, समोर चन्नवीरचा अंगठा हलतोय. अक्षता पडल्या. दर खेपंला हितं सगळं संपायचं, पण आज अक्षता पडल्या आणि मांडव तसाच. एक दाणा म्हणजे एवढा वेळ, मग घासभर दाण्यांचा किती? मी पयल्यांदा मान वर केली.

आई गं! काय सांगू! माझा चन्नवीर. मिसरूड फुटलेला, कपाळावर इबूत, फेटा तिरका. छातीत खोकला न्हाय, डोळ्यात पाणी न्हाय. त्यानं कुणी बघत न्हाय असं बघून माझ्याकडं वाकून हळूच इचारलं, "हसिवागेदेनु?" मला तितंच गळा काढून रडावंसं वाटलं. त्याला सांगावंसं वाटलं, नको रे बाबा त्या मागावर जाऊ. पण मी केवढी, तर त्याच्या खांद्याएवढी पोर, बाया दोन्हीकडनं धरून बसलेल्या, त्याच्या उपरण्याला माझा पदर बांधलेला. नवरीनं त्या दिवशी बोलायचं नसतं, उठायचं नसतं. एका बाईनं तर माझं डोकं हातानं खाली दाबलं.

आणि तेवढ्यात मांडवात शिरला शिवपुत्र. माझा पोरगा! माझ्याहून दुप्पट वयाचा, टेरिलीनचा शर्ट, पायात ती बेलबॉटम. सगळी पोरं त्याच्या पॅन्टकडं बोट दाखवून खिदळायला लागली. तो एकेकाचं तोंड बघत आला, आणि नवरदेवापुढं येऊन थांबला. मग त्यानं बापाच्या गळ्यात मिठी मारली आणि असा रडला, असा रडला, की वाजंत्रीवाल्यांनी वाजवायचं थांबवलं. "आप्पा, मी आलो न्हाय ओ, मी येळंवर आलो न्हाय," एवढंच. चन्नवीर बिचारा त्याच्या पाठीवर थापटत म्हणतोय, "आलासा की, आलासा. बसा, जेवून जावा." कुणीतरी ओरडलं, साहेबांना तक्क्या आणा.

मला हसू आलं. एवढ्या सगळ्यात मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. चन्नवीरच्या गोष्टीतला पाहुणा आमच्याच घरचा निघाला.

पण मग माझी नजर पंगतीवर गेली.

पत्रावळी मांडल्या होत्या. हुग्गी वाढत होते, गव्हाची, गूळ घालून शिजवलेली, वर तुपाची धार. पंगतीच्या टोकाला महादेवी बसलेली. गालफडं बसलेली, पोट पुढं आलेलं, दोन्ही हात मांडीवर. तिच्या अंगावर ती नायलॉनची साडी, शिवपुत्रानं दोन वर्षांमागं दिवाळीला आणलेली. निळी, पांढऱ्या फुलांची.

मी ती साडी दोन वर्षं रोज बघत होते. वाटायचं, आता बाजारात तसलं कापड निघालंय. पण त्या मांडवात, त्या सुती लुगड्यांच्या रांगेत ती एकच साडी चकाकत होती, आणि माझ्या डोळ्यांपुढं कुंची आली. फुलाची कुंची. मागं राहिलेली बाई कोण, ते मला तेव्हा कळलं.

महादेवीच्या शेजारी एक पाठमोरी बाई बसली होती, थोराड, केसांत पांढरं. ती महादेवीच्या पाठीवरनं हात फिरवत होती. मला वाटलं कुणी पाहुणी असंल.

महादेवीनं वर बघितलं. सरळ माझ्याकडं. त्या एवढ्याशा नवरीत तिनं सासू ओळखली, कशी ते देव जाणे. तिला रीत आठवत होती. मी सांगितलं तेव्हा हसली होती, आता हसत नव्हती. तिनं एक हात पोटावर ठेवला, दुसरा पत्रावळीवर धरला आणि ती थांबली. माझ्या तोंडाकडं बघत थांबली. खाऊ का आत्या, एवढंच ती इचारत होती.

मला ओरडता आलं असतं. "महादेवी, नको!" एवढंच म्हणायचं होतं. ती उठून आली असती. मग काय? मग घर, ती लाल मिलो, कोरडा नळ, आणि तिसरं लेकरूही मातीत. आणि माझी फुला? मी जिला खांद्यावर वाढवली, जिच्या गोवराला रात्रंदिवस बसले, ती कुटनं येणार होती? आणि न्हाय ओरडले, तर महादेवी पोटभर जेवणार, ईरम्मा तिला ठेवून घेणार, आणि बाळंतपणात ती मरणार. हे तिला ठावं नव्हतं. मला ठावं होतं.

चन्नवीरनं घास उचलला आणि माझ्या ओठांपुढं धरला. मी तो खाल्ला असता तर मीही राहिले असते. त्याच्याबरोबर सगळं आयुष्य परत मिळालं असतं, पयल्या दिवसापासनं. मग ते पोरगं, जे बापाच्या गळ्यात पडून रडत होतं, ते घरी एकटंच माघारी गेलं असतं. मी दात आवळले. बाया म्हणाल्या, अगं आ कर. आईनं चिमटा काढला. सगळा मांडव हसायला लागला, नवरीचा हट्ट बघा म्हणून. चन्नवीरही हसत होता, हातातली हुग्गी त्याच्या मनगटावरनं ओघळत होती.

मी तोंड उघडलं न्हाय. घासालाही न्हाय आणि महादेवीलाही न्हाय.

महादेवी खाली वाकली आणि जेवायला लागली.

डोळे उघडले तर आमच्या खोलीत. माझ्यापुढं ताट, शिवपुत्र भिंतीला टेकून हुंदके देतोय. महादेवीच्या ताटात अर्धी भाकरी, आणि ताटामागं कुणी न्हाय. शिवपुत्र आधी मोरीत बघून आला, मग अंगणात, मग गल्लीत हाका मारत सुटला. बायांनी तेव्हाच बघितलं त्याला अनवाणी पळताना. तितनं सुरू झालं ते पळून जाण्याचं.

माघारी येऊन त्यानं मला धरून गदागदा हलवलं. "आव्वा, तू तितं होतीस. तू बघितलंस. ती जेवली का?"

"जेवली."

"तू हाक का मारली न्हाईस?"

मी पदरात तोंड लपवलं. त्यानं डोकं भिंतीवर आपटून घेतलं, रक्त आलं तरी थांबंना. मग महादेवीच्या ताटातली ती अर्धी भाकरी उचलली आणि फडक्यात बांधून खुंटीला लावली. त्या दिवसापासनं तो माझ्याशी बोलला न्हाय. खडी फोडायला जायचा, यायचा, खुंटीखाली बसायचा. मला सारखी धास्ती, हा ती भाकरी खाणार. आणि एके दिवशी त्यानं फडकं सोडलंच. भाकरी वाळून खापर झालेली, ती त्यानं वाटीत पाण्यात भिजत घातली.

"जातो," म्हणाला. "तिला घेऊन येतो."

"ती येणार न्हाय बाळा. ती जेवलीया."

"मग मीही जेवतो तितं. राहतो तितंच."

मी त्याच्या पायावर डोकं ठेवलं. आईनं पोराच्या पायावर डोकं ठेवू नये, पण मी ठेवलं. नवरा गेला, सून गेली, ह्या वाटीपायी पोरगंही जाणार. त्यानं पाय काढून घेतले आणि वाटी पुढं ओढली.

तेवढ्यात दारात हाक आली, "आव्वा, आत येऊ का?" फुला. अक्कलकोटच्या एसटीनं आलेली, पदरानं तोंड पुसत. तिला आमी काहीच कळवलं नव्हतं. आत येऊन ती टेकली आणि तिनं इकडंतिकडं बघितलं. "महादेवी कुटं हाय? दिवस भरलं असतील की आता. म्हटलं, हे देऊन यावं." तिनं पिशवीतनं घडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. "माझीच हाय. तुमी मला घालत होता ती. हिच्यात मी जगले, तर म्हटलं तिच्या लेकराला लाभंल."

निळ्यावर पांढरी फुलं. इतक्या वर्षांत रंग थोडा उडालेला, बाकी तशीच.

शिवपुत्रानं कुंची उचलली. तिचं कापड बोटांत चोळलं. ह्या कापडासाठी तो दुकानात दोनदा जाऊन आलता, निळी का हिरवी म्हणून. त्यानं कुंचीकडं बघितलं, फुलाकडं बघितलं. तिची हनुवटी बघितली, कपाळ बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, आणि मी होय म्हणून मान हलवली. मला दुसरं काय करता येणार होतं?

मला वाटलं तो आता ओरडंल, मला मारंल. मारलं असतं तरी मी हात आडवा केला नसता. त्यानं कुंची मांडीवर पसरली आणि तिच्या सुरकुत्या हातानं सारख्या केल्या. फुला बिचारी गोंधळून कधी त्याच्याकडं, कधी माझ्याकडं बघत होती. "काय झालं रे शिवपुत्रा? कोण गेलं का?"

त्यानं तिचा हात धरला. जन्मभर तो तिला आक्का म्हणत आला. त्या दिवशी न्हाय म्हणाला.

"हसिवागेदेनु, फुला?" त्यानं इचारलं. अगदी बापासारखं.

"सकाळधरनं काय न्हाय पोटात," ती म्हणाली.

त्यानं वाटी तिच्यापुढं सरकवली. "हे खा. खाल्लंस की तू एका लग्नात जाशील. पंगतीत टोकाला एक बाई बसली असंल, असल्याच कापडाच्या साडीतली. तिच्याजवळ जाऊन बस. ती तुझी आई हाय." त्यानं कुंची उचलून छातीशी धरली. "तितलं काय खाऊ नको. कुणी कितीबी आग्रह केला तरी खाऊ नको. माघारी ये."

फुलानं माझ्याकडं बघितलं. आई ह्या शब्दावर तिचं तोंड लहान पोरीसारखं झालं होतं. मी म्हटलं, "खा बाळ."

तिनं खाल्लं आणि डोळे मिटले. अंग दगडासारखं बसलेलं, फक्त तिचा उजवा हात हलत होता. वरनं खाली, वरनं खाली, कुणाच्या पाठीवरनं फिरवल्यासारखा. मला पंगतीतली ती पाठमोरी बाई आठवली, थोराड, केसांत पांढरं असलेली. शिवपुत्र कुंची छातीशी धरून तिच्या हाताकडं बघत होता.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. गालांवरनं पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलंही न्हाय.

"आव्वा," ती म्हणाली, "लई भुकेली होती गं ती. तिनं तिच्या पानातला घास मला देऊ केला, मी घेतला न्हाय. म्हटलं, तू खा. पोटभर जेवली बघ."